दम्याचा पंप आणि डोळे: भीती किती धरायची?

इन्हेलरच्या खोक्यात घडी घालून ठेवलेला पातळ कागद बहुतेक जण उघडतही नाहीत. जे उघडतात ते बारीक अक्षरांतून वाट काढत दुष्परिणामांच्या यादीशी येऊन थबकतात. घशात बुरशी, आवाज बसणं, हात थरथरणं इथपर्यंत ठीक. मग खाली येतं: मोतीबिंदू, काचबिंदू, धूसर दिसणं. औषध छातीसाठी, यात डोळे कुठून आले? मी स्वतः बरीच वर्षं पंप वापरतो. तो कागद पहिल्यांदा वाचला तेव्हा चार दिवस पंप कपाटात ठेवून दिला होता. पाचव्या रात्री धाप लागली आणि पंप गुपचूप बाहेर आला. त्यानंतर मात्र हा विषय नीट समजून घेतला.

समजून घेतल्यावर पहिली गोष्ट लक्षात आली ती ही, की 'पंपाने डोळे बिघडतात का' हा प्रश्नच अर्धवट आहे. पंपात औषध कोणतं आहे आणि ते डोळ्यापर्यंत कोणत्या वाटेने पोचतं, हे विचारल्याशिवाय उत्तर मिळत नाही. वाटा दोन आहेत. एक बाहेरची: औषधाची वाफ थेट डोळ्यात जाते आणि परिणाम अर्ध्या-पाऊण तासात दिसतो. दुसरी आतली: औषध फुप्फुसातून रक्तात आणि रक्तातून डोळ्यात जातं, आणि परिणाम दिसायला महिने, बहुतेक वेळा वर्षं लागतात. या दोन्ही वाटांवरची औषधं वेगळी, त्रास वेगळे आणि उपायही वेगळे.

औषधांची ओळख थोडक्यात. सालब्युटामॉलसारखी औषधं आवळलेल्या श्वासनलिका पटकन मोकळ्या करतात. बुडेसोनाइड, फ्लुटिकासोन, बेक्लोमेथासोन ही स्टेरॉइडं. ती नलिकांची सूज उतरवतात आणि म्हणून रोज घ्यायची असतात. तिसरा गट इप्राट्रोपियम आणि टायोट्रोपियम यांचा. हीसुद्धा नलिका मोकळ्या करतात, पण वेगळ्या पद्धतीने. एकाच पंपात यांपैकी दोन-तीन औषधं एकत्रही असतात, त्यामुळे नुसत्या ब्रँडच्या नावावर जाऊ नये. डबीवर खाली लहान अक्षरांत औषधाचं खरं नाव छापलेलं असतं, ते वाचावं.

वाफ डोळ्यात गेली तर

रात्री दम्याचा जोर वाढला म्हणून नेब्युलायझर लावलाय असं समजा. घाईत मास्क चढवलाय, रबर सैल आहे, आणि नाकाच्या दांड्याशी मास्क नीट बसलेला नाही. मशीन घरघरायला लागतं. पांढरी वाफ मास्कच्या भोकांतून बाहेर पडतेच, पण नाकाच्या दोन्ही बाजूंनी वरही चढते आणि पापण्यांवर जाते. चष्मा असला तर काचा धुरकटतात. माणूस काचा पुसतो, परत चष्मा लावतो. जे काचेवर बसलं तेच औषध डोळ्यातही गेलं, हे त्या वेळी कुणाच्या डोक्यात येत नाही.

त्या वाफेत नुसतं सालब्युटामॉल असेल तर सहसा काही बिघडत नाही. इप्राट्रोपियम असेल तर मात्र गंमत होते. हे औषध अ‍ॅट्रोपिनच्या कुळातलं. डोळे तपासायच्या आधी बाहुली मोठी करणारे थेंब घालतात आणि मग दिवसभर उजेड सहन होत नाही, ते थेंबही याच जातीचे. धोतऱ्यातही अ‍ॅट्रोपिनच असतं. धोतऱ्याचं पान चुरगाळून तोच हात डोळ्याला लावला तर त्या डोळ्याची बाहुली मोठी होते, हे बागकाम करणाऱ्या काहींनी अनुभवलेलं असतं. आणि गंमत अशी, की दम्यावर धोतऱ्याच्या पानांचा धूर ओढणं हा फार जुना उपाय आहे. धोतऱ्याच्या 'दम्याच्या सिगारेटी' विसाव्या शतकातही विकल्या जात होत्या. म्हणजे श्वासनलिका सैल करणारं औषध बाहुलीही सैल करतं, हे नातं आजचं नाही. इप्राट्रोपियम त्याच नात्यातलं, फक्त अधिक सभ्य.

होतं असं. बाहुली लहान करणारा स्नायू आणि जवळचं पाहताना भिंगाला आकार देणारा स्नायू, दोघांना एकाच प्रकारचे संदेश मिळतात. हे औषध ते संदेश अडवतं. बाहुली मोठी राहते, उजेड खुपतो, जवळचं वाचताना अक्षरं पुसट होतात. काही तासांत, फार तर एखाद-दोन दिवसांत सगळं पूर्ववत होतं.

मास्क एकाच बाजूने गळत असेल तर एकाच डोळ्याची बाहुली मोठी होते, आणि इथे घबराट उडते. कारण एकच बाहुली मोठी होणं हे मेंदूवर दाब आल्याचंही लक्षण असू शकतं. रुग्ण दम लागून थकलेला, नीट बोलत नाही, आणि एक बाहुली मोठी. डॉक्टरांच्या मनात आधी वाईटच येणार. असे रुग्ण मेंदूच्या स्कॅनपर्यंत जाऊन आल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. फरक ओळखायला एक साधी युक्ती असते. पायलोकार्पिनचे १ टक्क्याचे थेंब घातले, की मज्जातंतूच्या दुखण्यामुळे मोठी झालेली बाहुली आकुंचन पावते. औषधाने अडवलेली बाहुली हलत नाही. घरच्यांनी एवढंच करावं: एक बाहुली मोठी दिसली तर डॉक्टरांना दाखवावं आणि आपणहून सांगावं की 'इतक्या वाजता या औषधाची वाफ दिली होती'. या एका वाक्याने पुढची बरीच धावपळ वाचू शकते. मात्र ते कारण घरीच गृहीत धरून स्वस्थ बसू नये.

आता याच वाटेवरचा खरा धोका. तो दुर्मीळ आहे, पण झाला तर तासांचा हिशेब असतो.

डोळ्याच्या आत एक पाणी सतत तयार होत असतं. हे अश्रू नव्हेत, अश्रू बाहेरचे. हे आतलं पाणी रंगीत पडद्याच्या मागे तयार होतं, बाहुलीतून पुढे येतं आणि पडद्याची कड जिथे बुबुळाच्या पारदर्शक काचेला भेटते त्या कोपऱ्यातल्या जाळीतून निचरून जातं. जेवढं तयार झालं तेवढं वाहून गेलं, की डोळ्यातला दाब जागेवर राहतो. साधारण १० ते २१ मिलिमीटर पारा. काही लोकांचा हा कोपरा जन्मतःच अरुंद असतो. लांबचं पाहायला 'प्लस' नंबर असलेल्यांत, वय वाढलेल्यांत आणि बायकांमध्ये असे अरुंद कोपरे जास्त सापडतात. बाहुली मोठी झाली की रंगीत पडदा कडेला गोळा होतो. कोपरा रुंद असेल तर त्याला जागा असते. अरुंद असेल तर मोरीच्या तोंडाशी फडकं अडकावं तसा तो जाळीवर जाऊन बसतो. वर, वाफेत सालब्युटामॉलही असेल तर ते आतलं पाणी तयार होण्याचं प्रमाण थोडं वाढवतं. निचरा बंद आणि नळ मोठा. दाब भराभर चढतो, ४०-५० च्या पुढेही जातो.

याला डोळ्याचा कोन अचानक बंद होणं म्हणतात; हा काचबिंदूचा तातडीचा प्रकार. डोळा लाल होतो, ठणकतो, दिव्याभोवती इंद्रधनुष्यासारखी कडी दिसतात, नजर धुरकट होते, त्याच बाजूचं डोकं दुखतं आणि उलट्या होतात. शेवटची दोन लक्षणं फार फसवी. दम्याच्या अ‍ॅटॅकमध्ये असलेल्या माणसाला उलटी झाली तर ती औषधाने किंवा खोकून खोकून झाली असं सगळ्यांना वाटतं आणि डोळ्याकडे कुणी पाहत नाही. नेब्युलायझरनंतर डोळा दुखतोय, लाल झालाय आणि दिसणं कमी झालंय, या तीन गोष्टी एकत्र आल्या तर सकाळची वाट पाहू नये. उपचार आहेत, चांगले आहेत, पण ते वेळेत मिळायला हवेत. दाब फार काळ चढलेला राहिला तर नजर कायमची जाते.

टाळायचं कसं? मास्कऐवजी तोंडात धरायची नळी वापरावी. मोठी माणसं आणि मोठी मुलं ती सहज धरू शकतात. मास्कच लागत असेल तर नाकाशी घट्ट बसवावा, डोळे मिटून घ्यावेत आणि संपल्यावर चेहरा धुवावा. लहान मुलाला स्टेरॉइडची वाफ दिली असेल तर तोंड धुवायचं ते याचसाठी, कातडीवर आणि पापण्यांवर औषध राहू नये म्हणून. झोपलेल्या बाळाच्या तोंडासमोर मास्क नुसता लांब धरून वाफ द्यायची पद्धत सर्रास दिसते. त्यात औषध छातीत कमी आणि चेहऱ्यावर जास्त जातं. माझं मत विचाराल तर तो वेळ आणि औषध दोन्ही वाया घालवण्याचा प्रकार आहे.

एक गैरसमज इथेच काढून टाकतो. या औषधांच्या कागदावर 'काचबिंदू असल्यास सावध' असं लिहिलेलं असतं आणि काचबिंदूचे सगळेच रुग्ण घाबरतात. ही सूचना मुख्यतः अरुंद कोनाच्या काचबिंदूसाठी असते. ज्यांचा कोन उघडा आहे, किंवा लेझरने पडद्याला छोटं भोक पाडून पाण्याला दुसरी वाट करून दिली आहे, त्यांची गोष्ट वेगळी. आपला काचबिंदू कोणत्या प्रकारचा, हे नेत्रतज्ज्ञांना विचारून फाइलवर लिहून घ्यावं. बऱ्याच रुग्णांना वर्षानुवर्षं थेंब घालूनही हे माहीत नसतं.

स्टेरॉइडची सावकाश वाट

पंपातल्या स्टेरॉइडपैकी फुप्फुसात किती जातं? साध्या दाबायच्या पंपातून साधारण १० ते २० टक्के. बाकीचं तोंडात आणि घशात बसतं आणि गिळलं जातं. गिळलेलं औषध आधी यकृतातून जातं, आणि यकृत ते बऱ्यापैकी निकामी करून टाकतं. फ्लुटिकासोनचा १ टक्क्याहून कमी भाग या मार्गाने रक्तात पोचतो, बुडेसोनाइडचा सुमारे १० टक्के. पण फुप्फुसात पोचलेला भाग, ज्याने आपलं काम केलं तोच, यकृताला वळसा घालून सरळ रक्तात उतरतो. हेच औषध हळूहळू डोळ्यापर्यंत पोचतं. म्हणून गुळण्या केल्याने तोंडातली बुरशी टळते, त्या कराव्यातच; पण गुळण्या केल्या म्हणजे डोळ्यांची काळजी मिटली, असं नाही.

डोळ्यात ते दोन ठिकाणी त्रास देऊ शकतं. पहिलं ठिकाण भिंग. स्टेरॉइडने होणारा मोतीबिंदू म्हातारपणीच्या मोतीबिंदूपेक्षा वेगळा असतो. तो भिंगाच्या अगदी मागच्या पापुद्र्यावर, बरोबर मधोमध धरतो. जागा अशी, की एवढासा ठिपकाही फार त्रास देतो. उन्हात गेलं की बाहुली बारीक होते आणि सगळा उजेड त्या मधल्या ठिपक्यातूनच आत शिरतो. वाचतानाही बाहुली बारीक होते, तेव्हाही तेच. त्यामुळे असा रुग्ण सांगतो, 'उन्हात दिसत नाही, तिन्हीसांजेला बरं दिसतं.' समोरून गाडीचे दिवे आले की डोळे दिपतात. चष्म्याचा नंबर बदलून फरक पडत नाही.

पंपाच्या स्टेरॉइडने हे होतं का? १९९७ साली ऑस्ट्रेलियातल्या ब्लू माउंटन्स भागातल्या ४९ ते ९७ वयाच्या ३,६५४ लोकांची पाहणी प्रसिद्ध झाली. पंपातून स्टेरॉइड घेतलेल्यांत हा मागच्या बाजूचा मोतीबिंदू जवळजवळ दुप्पट आढळला, आणि ज्यांनी आयुष्यात जास्त औषध घेतलं होतं त्यांच्यात आणखी जास्त. घाबरवणारा आकडा आहे, पण लोकांचं वय पुन्हा एकदा वाचा. दुसऱ्या टोकाला मुलं. २००० साली अमेरिका आणि कॅनडातल्या ५ ते १२ वर्षांच्या १,०४१ मुलांवरच्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. त्यातल्या एका गटाला चार ते सहा वर्षं रोज ४०० मायक्रोग्रॅम बुडेसोनाइड दिलं होतं. मोतीबिंदूच्या बाबतीत काळजी करावी असं काही दिसलं नाही. डोस बेताचा असेल तर पोराच्या डोळ्यांसाठी पंप बंद करणाऱ्या आईबाबांनी हा अभ्यास लक्षात ठेवावा.

दुसरं ठिकाण निचऱ्याची ती जाळी. इथे कोन उघडाच असतो, पण स्टेरॉइडमुळे जाळीच्या धाग्यांत गाळ साचावा तसे पदार्थ साचतात आणि पाणी सावकाश झिरपायला लागतं. दाब चढतो, तोही न दुखता. हे सगळ्यांना होत नाही, ज्याच्या-त्याच्या प्रकृतीवर आहे. डोळ्यात थेट स्टेरॉइडचे थेंब काही आठवडे घातले तर साधारण एक तृतीयांश लोकांचा दाब थोडाफार वाढतो आणि शंभरात पाचेकांचा खूपच वाढतो. पंपातून डोळ्यात पोचणारं औषध त्या मानाने अगदी थोडं. तरी १९९७ मध्येच कॅनडातल्या क्वेबेकमधल्या ६६ वर्षांपुढच्या रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा जास्त डोस सलग तीन महिने किंवा अधिक घेणाऱ्यांत दाब वाढण्याची किंवा काचबिंदूची शक्यता सुमारे ४४ टक्क्यांनी जास्त निघाली. कमी आणि मध्यम डोसवर तसा फरक दिसला नाही.

म्हणजे सगळं डोसपाशी येऊन ठेपतं. मोठ्या माणसात बुडेसोनाइड दिवसाला २०० ते ४०० मायक्रोग्रॅम म्हणजे कमी डोस, ८०० च्या वर गेलं की जास्त. आपण कुठे आहोत हे डबीवरचा आकडा आणि दिवसातले झुरके यांचा गुणाकार करून दोन मिनिटांत कळतं.

बेरीज मात्र एकट्या पंपाची करायची नाही. दम्यासोबत सर्दीची अ‍ॅलर्जी असते, तिला नाकाचा स्टेरॉइड स्प्रे. डोळ्यांना खाज येते, तिला कधीतरी कुणी लिहून दिलेले आणि मग संपले की स्वतःच आणलेले थेंब. कातडीवर चट्टे असतात, त्यांना मलम, तेही कधी पापणीवर. चारही वेगळ्या डॉक्टरांनी दिलेलं आणि चारहींत स्टेरॉइड. यात डोळ्याला सर्वांत घातक कोण असेल तर ते खाज थांबवणारे थेंब. पंपाला घाबरणारा माणूस ती बाटली बिनधास्त खिशात घेऊन फिरतो, हे मला नेहमीच अजब वाटतं.

आणखी एक त्रास, क्वचित होणारा. दृष्टिपटलाच्या मधोमध खाली पाणी साचतं. एका डोळ्याने पाहताना मधे करडा डाग येतो, सरळ रेषा वाकड्या दिसतात, वस्तू जरा लहान वाटतात. स्टेरॉइडच्या गोळ्यांशी याचा संबंध आधीपासून माहीत होता. २०१७ मध्ये ब्रिटनच्या औषध नियामकाने पंप, स्प्रे, मलम यांच्या बाबतीतही सावध केलं. दाराची चौकट वाकडी दिसायला लागली तर 'नंबर वाढला असेल' म्हणून सोडून देऊ नये.

मग पंप बंद करू का?

माझ्या त्या चार दिवसांचा मूर्खपणा इथे समजतो. रोजचा पंप सोडला की सूज परत येते, आणि मोठा अ‍ॅटॅक आला की प्रेडनिसोलोनच्या गोळ्या लागतात. मोठ्या माणसाला सहसा रोज ४० ते ५० मिलिग्रॅम, पाच ते सात दिवस. पंपाचा हिशेब मायक्रोग्रॅममध्ये, म्हणजे मिलिग्रॅमच्या हजाराव्या भागात चालतो. आता, आकड्याला आकडा लावणं पूर्ण न्याय्य नाही, कारण पंपातली स्टेरॉइडं वजनाला जास्त जोरकस असतात. तरी गोळीतलं औषध जवळजवळ सगळं रक्तात उतरतं, आणि वर्षात असे तीन-चार कोर्स झाले की बेरीज वाढत जाते. स्टेरॉइडच्या गोळ्या आणि हा मागच्या बाजूचा मोतीबिंदू यांचं नातं १९६० सालीच, संधिवाताच्या रुग्णांत, लक्षात आलं होतं. डोळ्यांच्या भीतीने पंप सोडणारा माणूस त्याच डोळ्यांना मोठ्या डोसच्या तोंडी देत असतो. नुसत्या सालब्युटामॉलवर भागवणंही धोक्याचं आहे. दम्याविषयीच्या जागतिक मार्गदर्शक सूचनांनी २०१९ पासून मोठ्या माणसांत आणि किशोरवयीन मुलांत ते नको असं स्पष्ट म्हटलंय.

डॉक्टरांशी बोलायचं ते डोस कमी करण्याबद्दल. तीन महिने दमा आटोक्यात असेल तर डोस उतरवता येतो का, हा अगदी रास्त प्रश्न आहे. पंप बरोबर घेतला तर कमी डोसमध्ये भागतं, म्हणून एकदा त्यांच्यासमोर पंप घेऊन दाखवावा. दाबणं आणि श्वास ओढणं यांचा मेळ बसत नसेल तर स्पेसर, म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामध्ये बसवायची पोकळ नळी, लावावा. जास्त डोस बराच काळ चालू असेल, वारंवार गोळ्या होत असतील, घरात कुणाला काचबिंदू असेल, मधुमेह असेल किंवा वय साठीच्या पुढे असेल, तर वर्षातून एकदा डोळे तपासून घ्यावेत. तपासणी म्हणजे चष्म्याचा नंबर काढणं नव्हे. दाब मोजायला आणि बाहुली मोठी करून भिंग पाहायला सांगावं.

आणि त्या तपासणीला जाताना पंप बरोबर न्यावा. कारण एक वाट उलटीही आहे. काचबिंदूवर टिमोलॉल नावाचे थेंब देतात. सालब्युटामॉल ज्या कुलपात किल्ली फिरवून श्वासनलिका उघडतं, टिमोलॉल नेमकं तेच कुलूप अडवून ठेवतं. डोळ्यात पाणी कमी तयार होतं, दाब उतरतो. पण थेंब डोळ्यातून बारीक नळीने नाकात उतरतो, तिथून यकृताला वळसा घालून रक्तात जातो आणि फुप्फुसात पोचतो. दमेकऱ्याला एवढाशा थेंबाने जोराचा अ‍ॅटॅक येऊ शकतो, जिवावरही बेतू शकतं, आणि अशा वेळी पंपही नीट चालत नाही, कारण कुलूपच अडलेलं असतं. दमेकऱ्यांसाठी लॅटॅनोप्रोस्टसारखे दुसरे थेंब आहेत. नेत्रतज्ज्ञ दम्याबद्दल विचारतात, पण गर्दीत राहून जाऊ शकतं; पंप टेबलावर ठेवला की विचारावं लागत नाही. दोन औषधं मिसळलेल्या थेंबांतही टिमोलॉल असतं आणि बाटलीवरच्या मोठ्या नावावरून ते कळत नाही, तेव्हा तिथेही लहान अक्षरंच वाचायची. थेंब कोणतेही असोत, घातल्यावर डोळा मिटून नाकाकडचा कोपरा बोटाने दोन मिनिटं दाबून धरावा. औषध डोळ्यातच राहतं, नाकात उतरत नाही.